चारही काचा

नाही नाही, त्यांना उठवू नका, भाऊ — तसंच जरा वाकून करा ना. पाय मध्ये येतोय का त्यांचा? अहो, पाय आत घ्या की थोडा, हे काचांचं बघायला आलेत — घेतला बघा. सांगितलं की घेतात. फक्त स्टिअरिंगवरून हात काढा म्हटलं, की संपलं. माझे यजमान हे. तुम्हाला मघाशी सांगायचं राहिलं, फोनवर कसं सांगणार? उभा जन्म गाडी चालवण्यात गेला. शाळेची मुलं न्यायची, आणायची. आता डोक्यात सगळा काला झालाय. मला ओळखतात — म्हणजे कुणीतरी ओळखीची आहे एवढं ओळखतात. परवा म्हणाले, 'बाई, तुमच्या पोराला सांगा, हात बाहेर काढायचा नाही.' मी म्हटलं, सांगते. काय करणार? पण गाडीत बसले की शांत. घरात मात्र — घरातलं नकोच.

टॉर्च अशी धरू का? अजून खाली? बरं.

एकेक करून? नाही हो, एकदम गेल्या. चारही काचा. पुढच्या दोन, मागच्या दोन. आदल्या दिवशी खाली-वर होत होत्या आणि मग कुठलंच बटण दाबा, हू नाही की चू नाही. कोपऱ्यावरचा तो गॅरेजवाला येऊन गेला, त्यानं नुसतं बघितलं आणि म्हणाला, मोटरी गेल्या. मी म्हटलं, चारही? चार भाऊ एका दिवशी आजारी पडतात का कुठं? तर हसला आणि म्हणाला, ताई, जुन्या गाडीचं काय सांगावं. तुम्ही तरी दार उघडून आत बघताय. तुमच्या हातातला तो छोटा दिवा लागला की वीज आली असं समजायचं ना? नाही लागला. इथंही नाही? मग त्या रबराच्या नळीत — दार उघडून-मिटून तिथल्या वायरी तुटतात, असं मुलगा म्हणत होता. हे दिवसातून कितीदा दार उघडतात-मिटतात म्हणून सांगू! पण मग एकाच दाराची तुटेल, नाही का? तेच तर मी त्याला म्हटलं.

गाडी चालू करून बघायची? नाही, ती होणार नाही चालू. त्याचा बंदोबस्त केलाय. म्हणजे तो बिघाड नाहीये, तो मुद्दाम. त्याचं असं झालं — गेल्या आठवड्यात हे गाडी घेऊन गेले. मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, खाली आले तर गाडी नाही. दुपारची संध्याकाळ झाली. शेवटी शाळेच्या रखवालदाराचा फोन. हे शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे, नेहमीच्या जागी, झाडाखाली. शाळा सुटली, पोरं गेली, तरी आपले उभेच. रखवालदार म्हणाला, काकू, कुणाची वाट बघताय असं काकांना विचारलं तर रडायला लागले. गाडीला ओरखडा नाही बरं का! सिग्नल, चौक, सगळं पार करून नीट गेले. पण मुलगा घाबरला. माझा मुलगा चांगला आहे हो, फार जीव आहे बापावर. रविवारी आला, बॉनेट उघडून बसला, काहीतरी काढलं, किल्ली फिरवून बघितली — गाडी चालू होईना. म्हणाला, आई, आता बाबांना खुशाल बसू दे. किल्लीसुद्धा राहू दे हातात, त्यांना बरं वाटेल. खरंच बरं वाटतं त्यांना. किल्ली फिरवतात, थोडं थांबतात, परत फिरवतात. गाडी चाललीय की नाही, त्यांना कुठं कळतंय आता.

हॉर्न? हॉर्न वाजतो. तो वाजतोच.

नाही, काही नाही. थांबा, टॉर्च दुसऱ्या हातात घेते.

हॉर्न वाजतो म्हणूनच तर — मुलांना बोलवायचं असलं की हे दोनदा वाजवायचे. पीं पीं. घराघरांतून पोरं दप्तरं घेऊन पळत यायची. अजून तसंच वाजवतात. त्या दिवशी भर दुपारी वाजायला लागला. मी आत कणीक मळत होते. म्हटलं, बोलावतायत पोरांना, बोलावू दे. वाजतोय, वाजतोय. मी कणीक मळून झाकून ठेवली, हात धुतले, जरा टेकलेसुद्धा. दोनदाच वाजवणारा माणूस इतक्या वेळा का वाजवतोय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मग एकदम थांबला, तेव्हा उठले.

काचा सगळ्या वर. दारं आतून बंद — मुलं बसली की काचा वर, खुंट्या खाली, ही यांची सवय. ऊन थेट टपावर. आत हे घामानं निथळतायत आणि अंगठ्यानं ते बटण दाबतायत. हेच, तुम्ही आता खोललंय तेच. मला दाखवतायत काचेतून — बघा, दाबतोय, काच येत नाही. मी बाहेरून काचेवर हात आपटतेय, अहो, खुंटी वर करा, ती खुंटी! तर हसले माझ्याकडे बघून. हसले आणि मागच्या सीटकडे हात केला — बसा म्हणून. मला बसा म्हणत होते, भाऊ. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. दुसरी किल्ली मुलाकडे. समोरचा सुतार हातोडी घेऊन धावत आला म्हणून. ही मागची डावी त्यानं फोडली, ते प्लॅस्टिक चिकटवलंय ना, ती. नंतर दोन दिवस हे अंथरुणातच होते. तिसऱ्या दिवशी उठले ते थेट इथं येऊन बसले.

मी बसते आता जवळ. दार उघडं ठेवते, त्या बादलीवर बसते, भाजी निवडते. पण किती बसणार? मला आंघोळ आहे, स्वयंपाक आहे. काच खाली असली तर निदान वारा, निदान हात घालता येतो आत.

म्हणून तुम्हाला बोलावलं. मुलगा म्हणालाय — त्याचा जीवच गेला होता तेव्हा, फोनवर बोलता येईना त्याला — म्हणालाय, वायरिंगमध्ये बिघाड निघाला, तर रविवारी गाडी विकून टाकायची. आज काचा गेल्या, उद्या आग लागेल. आणि बिघाड नाही निघाला, तर राहू दे. त्याचंही बरोबर आहे. पण गाडी गेली तर हे बसणार कुठं, हे त्याला नाही सांगता येत मला. तो महिन्यातून चारदा येतो. घरात हे दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरतात, पोरं उशीर करतायत, पोरं उशीर करतायत म्हणत. मला ढकलूनही देतात मध्ये उभी राहिले तर. हे बघा मनगट — नाही, जाऊ दे, टॉर्च धरते मी. तर भाऊ, एवढंच बघा, की काही छोटंसं निघू दे. लहानसं.

इथले फ्यूज सगळे चांगले? मग? पुढं आणखी असतात? बॉनेटमध्ये? उघडा की.

काय झालं?

रिकामं आहे म्हणजे? तिथं काही असायला हवं का? मोठा फ्यूज, बरं. त्याच्यावरून काय काय चालतं? चालू होणं आणि — आणि काचासुद्धा? दोन्ही एकाच —

कसा होता तो दिसायला? चौकोनी, निळा, वरून पारदर्शक?

थांबा, आणते. माझ्याकडेच आहे. बटणांच्या डबीत ठेवलाय मी. मुलानं दिला, म्हणाला, आई, हा जपून ठेव, हरवू नकोस, बाबांच्या हाती लागू देऊ नकोस. सुईदोरा काढताना रोज दिसतो. यांना बघा हं जरा.

हा घ्या. हाच ना?

लावू नका लगेच. थांबा. म्हणजे गाडीला काहीच झालं नव्हतं? वायरिंग चांगलं, मोटरी चांगल्या, सगळं चांगलं? त्यानं हा काढला आणि काचा — त्याला माहीत नव्हतं हो. त्याला वाटलं फक्त गाडी बंद पडेल. किल्ली फिरवून बघितली, काच कोण दाबून बघतंय तेव्हा? मीही उभी होते इथंच, मीसुद्धा नाही दाबली.

असं होतं का, भाऊ, की काचा चालतील आणि गाडी चालू होणार नाही? होतं? एवढ्याशा वायरीचं काम? लगेच? असं होतं तर. बरं. करा. करा तसं.

मग आता त्याला काय सांगू मी? सांगा ना तुम्ही. तुम्हाला मुलं आहेत का? बिघाड नव्हता म्हटलं तर गाडी राहील. पण तो विचारणार, मग काचा का नाही आल्या खाली? तो सोडणार नाही, खोदून खोदून विचारेल. लहानपणी यांच्या शेजारी बसून त्याचा हट्ट असायचा, काच मीच फिरवणार — तेव्हा हातानं फिरवायची असायची. आणि त्यानंच — नाही. हे त्याला कळलं तर तो उभा राहायचा नाही, भाऊ. मी ओळखते त्याला. फ्यूज आपोआप उडाला म्हणू? तरी तो बिघाडच झाला. काहीतरी असेल ना मधलं? तुम्ही इतक्या गाड्या बघता. नसेल.

आली? आली खाली! अहो बघा, काच आली. दाबा तुम्ही. तुम्हीच दाबा. वर. खाली. बघा कसे हसतायत. काय म्हणताय? हो, येतायत पोरं. दप्तरं भरतायत.

फोन वाजतोय माझा. त्याचाच असणार, या वेळेला करतो. जरा थांबा.

हॅलो. हो रे, आलेत ना. हो, बघितलं त्यांनी सगळं. जेवले बाबा, गाडीतच आहेत. काय निघालं? मोटर. मोटर गेली होती, वायरिंगही जुनं झालंय म्हणतायत. आता चालतेय, पण भरवसा नाही म्हणाले. नाही रे, तुझा कशाला काही संबंध? वेडा आहेस का? तू काढलंस ते वेगळं, ते काचांचं नसतंच. हो, विचारलं मी त्यांना. हो. ये रविवारी. ने गाडी. ठेवते, दूध वर आलंय.

असं बघू नका माझ्याकडे. तुमचं आवरा आणि या आता, भाऊ. तो उरलेला फ्यूज — नाही, तो माझ्याकडे नको, तुम्हीच घेऊन जा. आणि जाताना मागचं दार उघडून द्या जरा. हे मला मघापासून बसा म्हणतायत.