न घेतलेला प्याला

चाकणला निघालेल्या कंपनीबसमध्ये मागच्या सीटवरच्या दोघांचं बोलणं मुमताजच्या कानावर पडत होतं.

“दाजी, रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला तुम्ही द्राक्षरसाचा प्याला घेतला नाही.”

“हातच पुढं होईना रे, शमुवेल. हात आत गेला की प्रेस मशीन थांबवणारा सेन्सर मीच टेप लावून बंद केला होता, माल लवकर निघावा म्हणून. बोट गेलं मशीनवरच्या सोहेलचं.”

“देवाजवळ कबूल केलंत ना?”

“रोज करतोय. देवाला आधीच माहीत होतं. माहीत नाही ते सोहेलला. तो अजून स्वतःलाच दोष देतोय.”

“त्याला सांगितलंत तर कंपनी काढून टाकेल, दाजी.”

“काढू दे. पुढच्या वेळी प्याला घ्यायचाय मला. ड्रायव्हरभाऊ, थांबवा, थांबवा, सोहेलचं घर मागं राहिलं.”

मुमताजने सीटांमधल्या वाटेतली आपली पिशवी पटकन मांडीवर ओढून घेतली.