उंबऱ्यावरून घेतलेला अंदाज

लेक : तो शर्ट ठेव खाली आणि माझ्याकडे बघून सांग, आई.

आई : इस्त्री तापलीय, आता कशी ठेवू? संध्याकाळी मिरवणुकीला घालायचाय म्हणालेत. तू आधी बस. सकाळपासून पोटात काही गेलंय का?

लेक : कसली मिरवणूक? टीव्ही ऐकू येत नाही तुला? राज्यात तुमच्या किटलीवाल्या पक्षाची पार धूळधाण उडालीय.

बाबा : (आतल्या खोलीतून, टीव्हीच्या वर आवाज चढवून) अजून निम्मी मोजणी बाकी आहे! दम धरा म्हणावं! देशात किटलीच येतेय, देशात!

आई : ऐकलंस? बँडवाल्याला पण सांगून आलेत. कोणी समजवायचं त्यांना?

लेक : देशाचं आमच्या सर्व्हे कंपनीचंही बरोबर आलं. सगळीकडचं बरोबर आलं. चुकलं ते एकट्या या राज्याचं, आणि हे राज्य माझ्याकडे होतं. आम्ही म्हटलं इथे किटलीच उकळणार, आणि लोकांनी विरोधकांची बादली काठोकाठ भरली. चॅनलवाले सकाळपासून आमचा अंदाज दाखवून दाखवून हसतायत.

आई : हसू देत. आठ दिवसांत त्यांना दुसरं कोणीतरी मिळेल हसायला.

लेक : हसण्याचं काही नाही गं! चार वाजता मला चॅनलवर बसवणार आहेत, का चुकलं ते सांगायला. आणि काय सांगायचं ते आमच्या सरांनी आधीच ठरवलंय. म्हणे, सर्व्हेच्या पोरी घरोघरी गेल्याच नाहीत. कुठेतरी सावलीत बसून त्यांनी मनानेच उत्तरं भरली.

आई : पोरींवर ढकलायचं?

लेक : सगळ्यांना काढणार. वर फसवणूक केली म्हणून बाकीच्या कंपन्यांनाही कळवणार. पुन्हा दारात कोण उभं करेल त्यांना?

आई : अगं बाई! आपल्याकडे आली होती ती वेणीवालीसुद्धा?

लेक : तीच सगळ्यात आधी. ही गल्ली तिच्याकडे होती. तिने आणलेल्या उत्तरांत गल्लीतल्या एकजात सगळ्या बायका किटलीच्या.

आई : ती आली होती की. उन्हाने नुसती लाल झाली होती. चपलेचा अंगठा तुटलेला, पिन लावून चालत होती. मी पाणी दिलं तिला.

लेक : म्हणजे ती आली.

आई : आली ना.

लेक : तिने विचारलं?

आई : विचारलं. नीट विचारलं, घाई नाही केली.

लेक : तू काय सांगितलंस?

आई : किटली सांगितलं. या घरात आणखी काय सांगणार?

लेक : आणि मत कोणाला दिलंस?

आई : मत गुप्त असतं. तूच लोकांना सांगत फिरतेस ना?

लेक : आई!

आई : ओरडू नकोस, बाबा ऐकतील. हे बघ, कॉलरला चुणी पडली तुझ्यापायी.

बाबा : काय गोंधळ आहे तिकडे? इकडे ऐका! मोजणीच्या टेबलावरून आपल्या पक्षाच्या पोराचा फोन आलाय. आपल्या शाळेचं केंद्र फुटलं, मतं बादलीला गेली! आपल्या गल्लीचं! जिथे मी जन्म घालवला, ते केंद्र फुटलं! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. कोणी गद्दारी केली ते मला कळलंच पाहिजे!

आई : बीपीची गोळी घेतलीत का?

बाबा : गोळी गेली खड्ड्यात!

लेक : ऐकलंस ना? केंद्र फुटलं. बायकांच्या मतांशिवाय ते फुटतच नाही. मी आत्ता येताना शिंपीणकाकूंकडे जाऊन आले. विचारलं, तर त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या. पलीकडच्या मास्तरीणबाईंनी तर दारच लोटून घेतलं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप!

आई : मग त्यांचं काय चुकलं? तुझी पोरगी विचारणार दारात उभं राहून. हा आवाज कोणाचा म्हणून घरातला पुरुष येणार मागे, आणि उभा राहणार चौकटीला हात लावून. बाई काय सांगेल? दवाखान्यात नर्स म्हणून मी जन्मभर हेच बघितलंय. नवरा बरोबर असला की बाईला काही म्हणजे काही दुखत नसतं. त्याला बाहेर बसवलं की मग कळायचं कुठे दुखतंय ते.

लेक : दारातच विचारायचं हा नियम माझा आहे.

आई : तुझा?

लेक : मागच्या वेळी एका पोरीला एका घरात आत बोलावलं आणि कडी लावून घेतली. सुटली कशीबशी. तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं, कुणी कितीही आग्रह केला तरी उंबरा ओलांडायचा नाही. पोरी सांभाळायला केलं गं ते. पण त्यामुळे बाईला बाजूला घेऊन विचारणंच राहिलं.

आई : बरोबरच केलंस. मीही तेच केलं असतं.

लेक : बरोबर केलं आणि अंदाज गेला. तो जाऊ दे, माझं मी भोगीन. पण पोरी खोट्या नाहीत हे मी कशावर सांगू? मी नुसतं म्हटलं तर सर म्हणणार, स्वतःची चूक झाकतेय. एका तरी बाईने म्हणायला हवं की पोरगी आली होती, तिने विचारलं, आणि मीच खोटं सांगितलं. एकीने म्हटलं की बाकीच्या बोलतील.

आई : आणि ती एक म्हणजे मी.

लेक : दुसरी कोणाची आई आणू?

आई : तुला सोपं वाटतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत, बाळा. या माणसाने तीस वर्षं त्या पक्षाच्या सतरंज्या उचलल्यात. हरल्याचं दुःख ते पचवतील. घरातूनच मत गेलं हे नाही पचणार. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

लेक : मग दिलंस कशाला बादलीला?

आई : हळू बोल. दवाखान्यासाठी. बंद केला ना किटलीवाल्यांनी माझा दवाखाना? त्यांच्या उमेदवाराने दोन निवडणुका स्टेजवरून सांगितलं, पुन्हा उघडतो म्हणून. खाली टाळ्या वाजवायला आपले घरधनी पुढच्या रांगेत. आणि शिंपीणकाकूंच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा काय झालं? त्या बंद दाराशी रिक्षात बाळंत झाली ती. मी होते म्हणून निभावलं. गल्लीतल्या सगळ्या बायका चादरी धरून उभ्या होत्या. त्या दिवशी कोणी कोणाला काही म्हटलं नाही, पण प्रत्येकीचं ठरलं.

लेक : बाबांना कधी सांगितलं नाहीस?

आई : ते मला विचारत नाहीत गं. ते मला सांगतात. मत कोणाला द्यायचं तेही सांगतात, आणि मग विचारल्यासारखं करतात.

बाबा : विचारल्यासारखं म्हणजे काय?

लेक : बाबा! तुम्ही कधी आलात बाहेर?

बाबा : शर्ट न्यायला आलो होतो. आता राहू दे. आपली जागा गेली, जाहीर केलं त्यांनी. बँडवाल्याला फोन करून नको म्हणून सांग, पोरी. माझ्याच्याने नाही बोलवणार.

आई : अहो, बसा आधी. घाम केवढा आलाय!

बाबा : बसतो. ती वेणीवाली पोर आली होती, तेव्हा मी काय म्हटलं होतं तिला? आठवतं तुला?

आई : जाऊ द्या ना आता.

बाबा : सांग.

आई : म्हणालात, आमच्या घरात विचारायची गरजच नाही. लिहून टाक किटली, किटली. आणि हसलात.

बाबा : आणि तू?

आई : मीही हसले. मग तिने मला वेगळं विचारलं. नियम आहे म्हणाली. मी तुमच्याकडे बघितलं आणि किटली सांगितलं.

बाबा : आणि दिलंस बादलीला.

आई : दिलं.

बाबा : मी इकडे गद्दार, गद्दार म्हणून घसा फोडत होतो, आणि तू माझ्याच शर्टाला इस्त्री करत होतीस.

आई : मिरवणूक निघाली असती तर घालायला चांगला शर्ट नको? तुमचं वाईट व्हावं असं नव्हतं हो मनात. दवाखाना उघडावा एवढंच होतं.

बाबा : ती रिक्षा... मला तू एवढंच म्हणाली होतीस, की मुलगी झाली.

आई : तुम्ही सभेहून आला होतात. खूश होतात. सभा मोठी झाली होती.

लेक : आई, गाडी आलीय खाली. मला निघायला हवं. तुझी परवानगी नसेल तर नाही सांगणार. खरंच नाही सांगणार. नियम माझा होता एवढंच सांगेन, मग सर काय करायचं ते करोत.

आई : आणि वेणीवाली?

लेक : तिचं... बघू.

आई : बघू काय बघू? तुटक्या चपलेने फिरली ती. सांग. माझी आईच खोटं बोलली म्हणून सांग. मोठ्याने सांग. मग शिंपीणकाकूंकडे मी जाते, मास्तरीणबाईंकडेही जाते. अहो, तुम्ही असे गप्प नका बसू. रागवायचं तर रागवा, पण काहीतरी बोला.

बाबा : पोरी, जरा थांब.

लेक : बाबा, मला उशीर होतोय.

बाबा : दोनच शब्द. आई खोटं बोलली एवढंच सांगू नकोस. तिच्या मागे मी उभा होतो, तेही सांग.