अकरा तारीख

चौऱ्याहत्तर सालच्या माघात, जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नंबर लावून भागाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कानांना मात्र पापण्या नसतात. शेजारी वरणगावच्या द्रौपदाबाई आणि त्यांची वीस वर्षांची कुमुद.

"माय, आज खरं सांगायचं."

"खोटं काय आहे? दर महिन्याला तीन दिवस बाजूला बसतेस. बठ्ठी आळी पाहते, एकूण एक घर."

"तू बसवतेस म्हणून. कावळा शिवून पाच महिने झाले मला."

"हळू! त्या बाई जाग्या असतील."

"असू देत. मागच्या खेपेला तू डॉक्टरीणबाईंना अकरा तारीख सांगितलीस. गुण आला समजून त्यांनी गोळ्याच बंद केल्या."

"पाचोऱ्याचं स्थळ यायचंय. पाळी येत नाही हे त्यांच्या कानी गेलं तर?"

"हनुवटीवरचे केस तर त्यांना डोळ्यांनीच दिसतील."

"डाळीच्या पिठानं जातील."

"पीठ संपलं, केस नाही संपले."

"जीभ फार चालते तुझी."

"पायही चालतात. बाईंनी सांगितलं तशी रोज स्टेशनपर्यंत जाऊन येते. तीन किलो उतरले. आता औषधही खऱ्या दुखण्याचंच घेणार."

नर्स वही घेऊन दारात आली.

"कुमुद कोण? मागची पाळी कधी आली?"

"अकरा..."

"माय, थांब. पाच महिने झाले, सिस्टर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आली होती."

द्रौपदाबाईंनी पदर सावरला. भागाबाईंनी एक डोळा किलकिला केला.

"आदल्या दिवशी नव्हे गं, पोळ्यालाच. बठ्ठे मांडे मी एकटीनं केले होते. लिहा, सिस्टर."