एका कार्डाने होत नाही

…आणि एका कार्डाने होत नाही म्हणे! आता तुम्हीच सांगा, चवथ पंधरा दिवसांवर आलेली, पिठं दळायची, पडदे धुवायचे, पुरुमेंताचे, पावसाळ्याच्या बेगमीचे, डबे उन्हात ठेवायचे, आणि आमच्या डिचोलीच्या घरात जेवणाच्या मेजावर ताटांच्या जागी काय, तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या कम्प्युटरचा सीपीयू, पोट उघडं टाकून आडवा केलेला, आणि त्याच्यावर वाकलेले आमचे हे. कृष्णनाथ त्यांचं नाव. खाणीच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झाले, आणि दोन महिने जनेलाकडे, खिडकीपाशी, कदेल म्हणजे खुर्ची टाकून नुसते रस्ता बघत बसले. मी देवाला म्हटलं, ह्यांना काहीतरी काम दे. देवाने दिलं. देवाला सांगताना जरा नीट तपशिलात सांगावं, हे मला तेव्हा कळलं.

म्हटलं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणतात, "अगो, ह्यातलं चित्राचं कार्ड मेलं. दमट हवेने हिरवं पडलं. ते बदललं की आपला तो गाड्यांचा खेळ चालणार." तो खेळ मला ठाऊक होता हो. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी लग्न होऊन कोरगावात आले, आणि पुढे दहाबारा वर्षांनी वाड्यावर पहिला कम्प्युटर आला तो आमच्या घरात. हे आणि यांचा धाकटा भाऊ गोकुळदास, दोघे एका कीबोर्डवर बसायचे, एकाने गाडी वळवायची, दुसऱ्याने गिअर टाकायचे, आणि सगळा वाडा मागे उभा राहून "दामट रे, दामट" करायचा.

म्हणून मी म्हटलं, जा, आणा कार्ड. म्हापशाला गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, हे बघा, एकदम नवीन," आणि नारळाएवढं कार्ड हातात दिलं, वर तीन पंखे. घरी आणलं तर खाचेत बसेना. बसणार कसं? जुन्या न्हाणीत नवा टब घालायला जाल, तर दारातूनच परत. ते परत केलं. भंगारातून दुसरं आणलं, ते खाचेत बसलं, पण पडदा काळा. तिसऱ्यावर चित्र आलं, पण चित्रातल्या बायांच्या चेहऱ्यावर पिवळी झाक, कावीळ झाल्यासारखी. शेवटी म्हापशाच्या मार्केटामागे एक सगुण म्हणून रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे आहेत, त्यांच्या खणात खालच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कार्ड मिळालं. मी होते बरोबर. ते म्हणाले, "हे घेऊन जा. साधं आहे, गुणी आहे. चित्र स्वच्छ देणार. पण वयनी, खेळातलं पाणी हलणार नाही, उजेड पडणार नाही. त्याला जोडीदार लागतो. एका कार्डाने होत नाही."

आणि मग त्यांनी मला समजावलं, आणि तुम्हाला सांगते, मी आपली दहावी शिकलेली बाई, पण ऐकत राहिले. म्हणे ते जोडीदार कार्ड एकटं काहीच दाखवत नाही. त्याला स्वतःचं साधं चित्रसुद्धा नाही. पहिल्या कार्डातून वीतभर वायर निघते ती ह्याच्यात जाते, आणि ह्याच्यातून पडद्याला. रोजचं काम असेल तेव्हा हे गप्प बसून पहिल्याचं चित्र नुसतं पुढे पाठवतं. आपलं काही घालत नाही, काढत नाही. खेळ सुरू झाला की हे पहिल्याला म्हणतं, बाबा, तू जरा थांब, आता मी. आणि खेळ संपला की पुन्हा बाजूला होतं. मी विचारलं, "भांडत नाहीत?" सगुणबाब म्हणाले, "नाही. त्यांच्यात तेवढी शिस्त आहे."

घरी येताना बसमध्ये मी म्हटलं, "मग जोडीदार शोधू या." तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शोधायचा कशाला? कुठे आहे ते ठाऊक आहे."

ठाऊक असणारच. कोरगावला, गोकुळभावजींकडे. वीस वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली तेव्हा ह्या दोघांनी काय काय वाटलं म्हणता? काजूची झाडं मोजून, तांब्याची भांडी तोलून, आणि कम्प्युटरची पाळी आली तेव्हा हे म्हणाले, मी आणला, माझा. आणि गोकुळभावजी म्हणाले, कार्ड माझं. ते खरंही होतं. सीझनला ते हरमलला मोटरसायकल पायलट होते, एका गोऱ्याला दोन महिने मागे बसवून सगळं पेडणं दाखवलं होतं, त्याने परत जाऊन पोस्टाने ते कार्ड पाठवलेलं. तर पंचांच्या समोर भावजींनी पेचकस घेतला, सीपीयू उघडला, कार्ड उपटून काढलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि उठले. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोललेला नाही. आमच्याकडे गणपती एकच, मूळ घरात, त्यामुळे दर चवथीला आम्ही कोरगावला जातो, दीड दिवस एका छपराखाली राहतो, आणि दीड दिवस माझ्या कानाशी, "अगो, त्याला विचार आरती कधी," आणि दुसऱ्या कानाशी, "वयनी, दादाक सांग, भटजी इले." दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले असतात हो!

मी माझ्या जावेला, सुमनला, फोन केला. म्हटलं, ते कार्ड आहे का गो? ती हसायलाच लागली. "वयनी, आसा म्हणजे? बिस्कुटांच्या डब्यात घालून ठेवलां. दर दसऱ्याक कोयते, पारय, मोटरसायकल, आणि शेवटी तां. हळद, कुंकू, फूल. म्हाका सुद्धा हात लावूक दिणत नाय." मागून भावजींचा आवाज आला, "वयनी, दादान विचारलां?" मी खोटं कसं बोलू? म्हटलं, "नाही, मीच विचारते." "मगे डबो बंदच बरो."

आणि इकडे हे म्हणतात, "मी मागणार नाही. त्याने आणून दिलं तर लावीन." एका कार्डाने होत नाही, पण एका भावाने होतं असं दोघांचंही मत. चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या-करंज्यांचे डबे, नवी साडी, आणि खाली चादरीत गुंडाळून तो सीपीयू, पडदा आणि कीबोर्ड, असं सगळं भाड्याच्या गाडीत घातलं. ह्यांनी पाहिलं. पण "चादर कशाला?" असं विचारलं नाही, तेव्हाच मी ओळखलं.

चवथीला पूजा झाली, जेवणं झाली, पातोळ्या खाऊन माणसं सावलीला आडवी झाली. मी सीपीयू मधल्या चौकीच्या ओसरीवर, कोपऱ्यात ठेवलेला, चादर मुद्दाम अर्धी सरकवलेली. हे वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले, उलटं. गोकुळभावजी तिथून एकदा गेले. दोनदा गेले. तिसऱ्यांदा खाली बसले आणि चादर उचलली. ते गुणी कार्ड आपल्या जागी बसलेलं, आणि त्याच्या शेजारची खाच रिकामी. तिच्याकडे ते बघत राहिले. तुम्हाला सांगते, पडलेल्या दाताच्या जागेवर जीभ जाते ना, तसं. उठले, आत गेले, आणि डबा घेऊन आले.

ते कार्ड मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतलं. वीस दसऱ्यांचं कुंकू त्याच्यावर. पण काय असतं हो ते! कोरगावच्या डोंगरावर उभं राहून खाली बघावं, तशी त्यावर हिरवी शेतं, बारीक बारीक बांध, वाटा, मध्ये काळी काळी घरं, आणि कडेला सोन्याचे दात. एवढ्याशा फळीत समुद्राचं पाणी कसं बनवायचं ते कुणीतरी लिहून ठेवलंय, आणि ते माणूस कोरगावला कधी आलेलं नाही. म्हटलं, घ्या बाबा, कुणीतरी घ्या.

भावजींनी कुंचल्याने कुंकू झाडलं, शाळेच्या खोडरबराने सोन्याचे दात घासले, कार्ड खाचेत दाबलं. ह्यांनी वर्तमानपत्र ठेवलं आणि पेचकस पुढे केला. माझ्याकडे. मी भावजींना दिला. सगळं झालं. आणि मग दोघांनी एकदम खाली पाहिलं, मागे पाहिलं.

"वायर?" हे म्हणाले.

"वायर तुझ्याकडे," भावजी म्हणाले.

"माझ्याकडे कुठली? तूच नेलीस."

"मिया कार्ड व्हेलंय. वायर तुझी."

सुमनने माझा हात घट्ट धरला. वीस वर्षांत पहिल्यांदा बोलत होते, आणि भांडत होते, पण थेट बोलत होते! मला रडू यायला लागलं, म्हणून मी डोळे वर केले, गणपतीच्या डोक्यावर फळंफुलं टांगतात त्या माटोळीकडे. आणि माझं रडूच थांबलं.

आता माझी चूक ऐका. वाटणी झाली ती चवथीच्या चार दिवस आधी. चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळी बांधत होते, तवशी, नीरफणस, घागऱ्या सगळं लटकलं, आणि सुपारीचा घड बांधताना केवणीच्या सालीचा दोर तुटला. जनेलावर वीतभर काळी दोरी पडली होती, मजबूत, दोन्ही टोकांना निळी बोंडं, गाठ सुटायची भीतीच नाही. मी बांधली. इतकी छान बसली, की वीस वर्षं मी तीच बांधते. माटोळीच्या सामानातच ठेवलेली असते. माझी आवडती दोरी हो ती.

मी बोट वर केलं. दोघांनी वर पाहिलं. सुमन म्हणाली, "सुपारी सोडून दुसऱ्या दोरान बांधूया?" आणि दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "उत्तरपूजा झाल्याशिवाय माटोळीला हात नाही." वीस वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, ते थांबण्यावर.

मग काय, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघे गणपतीसमोर मांडीला मांडी लावून, माना वर करून बसले. फुगडीला आलेल्या शेजारणी म्हणाल्या, "कृष्णनाथबाबांची भक्ती बघा गो, डोळे हलत नाहीत." मी म्हटलं, हो, यंदा मन फार लागलंय.

विसर्जन झालं. व्हाळाच्या पाण्यातून ओल्या धोतरांनीच आले, सुपारीचा घड खाली उतरवला, वायर सोडली, पुसली, जोडली. हार्डडिस्क सुरुवातीला कण्हली, म्हातारी माणसं उठताना कण्हतात तशी. साधं चित्र आलं. भावजींनी खेळ लावला. आणि सीपीयूच्या आतून आवाज आला, टक्. कुणीतरी दाराची कडी काढावी एवढा. पडदा काळा झाला. पहिलं बाजूला झालं होतं, दुसरं यायचं होतं, मधली ती जागा किती मोठी वाटते, तुम्हाला सांगते.

आणि मग रस्ता उघडला. डाव्या हाताला समुद्र, केरीच्या काठाला संध्याकाळी असतो तसा, त्यातलं पाणी हलतंय, गाडीच्या टपावर उजेड सरकतोय. हे वळवायला बसले, भावजी गिअरला. "दादा, वळण इला." "दिसतंय रे." "ब्रेक मार." "तू गिअर टाक आधी." सुमन आणि मी दारात उभ्या. मी दहावी शिकलेली, पण मला एवढं कळलं, की एका कार्डाने होत नाही ते हे.

सीपीयू कोरगावलाच राहिला. कार्ड काढायला दोघेही तयार नाहीत. आता दर रविवारी आम्ही डिचोलीहून पहिल्या बसने निघतो, माझा रविवार गेला तो गेला. पण तुम्हाला काय वाटलं, भाऊ बोलायला लागले? खेळ चालू असेपर्यंत बोलतात. खेळ बंद केला की आतून टक् आवाज येतो, आणि लगेच माझ्या कानाशी, "वयनी, दादाक विचार, चाय घेतलो?" म्हणून आम्ही दोघी जावा कम्प्युटर बंदच करू देत नाही. ताटंसुद्धा तिथेच नेऊन देतो. पण आमच्या वाड्यावरची लाईट तुम्हाला ठाऊक आहे. ती गेली, की वीतभर वायर पुन्हा मीच.