वेशीच्या आतलं घर

(जुन्या गावातल्या एका घराचा वरचा मजला. रिकामी खोली, लाकडी जमीन, दुपार. खाली घरमालकीण बाइंडरबाईंचं वह्या-रजिस्टरं बांधायचं काम चालतं.)

वडील : म्हणजे वेशी तीन, पण चालू एकच.

बाइंडरबाई : एकच. बाकीच्या दोन माझ्या आजोबांच्या काळातच चिणून टाकल्या. दरवर्षी कुणी ना कुणी येऊन त्यांचे फोटो काढून जातं. उघडत कुणी नाही.

वडील : आणि गाड्या?

बाइंडरबाई : वेशीबाहेर. तुम्ही लावलीत तिथेच सगळ्यांच्या. आत फक्त सायकल, तीही लोक हातात धरून नेतात. या दगडांवर बसून चालवली तर दात खिळखिळे होतात.

वडील : विहीर आहे?

बाइंडरबाई : चौकामागे. लोखंडी जाळी आहे वर.

वडील : जाळी उचलता येते?

बाइंडरबाई : चार माणसं लागतील.

मुलगी : बाबा, यांना वाटेल आपण भाड्याने घर बघायला आलोय की गावावर स्वारी करायला.

बाइंडरबाई : विचारू दे हो. एरवी लोक पाणी किती वेळ येतं ते विचारतात. वेगळं काही ऐकायला मिळतंय.

वडील : नदी?

बाइंडरबाई : खाली, दरीत. वेशीतून बाहेर पडून तासभर उतरावं लागतं.

वडील : तिच्या पायांनी तीन तास.

बाइंडरबाई : तिच्या म्हणजे कुणाच्या?

मुलगी : माझ्या आईच्या. ती खाली चौकात बसलीय, माझ्या नवऱ्याबरोबर. निळा स्वेटर घातलाय बघा. तिला आठवत नाही आता काही. तीन वर्षं झाली.

बाइंडरबाई : तुम्हाला ओळखतात?

मुलगी : कधी कधी. सकाळी ओळखते, दुपारपर्यंत विसरते. एकतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती ती. पोराच्या कपाळाला नुसता हात लावून ताप सांगायची, थर्मामीटर मागून यायचा.

बाइंडरबाई : आणि त्या घराबाहेर पडतात. म्हणून हे वेशी नि विहिरींचे प्रश्न.

मुलगी : गेल्या उन्हाळ्यात पडली. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे काय ते इथे बसून नाही कळायचं. दुपारी कुत्रीसुद्धा गाडीखालून हलत नाहीत. ती अनवाणी गेली. पाच तासांनी सापडली, नव्या रस्त्याचं डांबर टाकत होते तिथे. तळपाय इतके भाजले होते की चार महिने दवाखान्यात होती.

वडील : एकशे सव्वीस दिवस.

मुलगी : डॉक्टरांनी बजावलंय, आणखी एक उन्हाळा तिकडे काढू नका. मग बाबांनी नकाशा काढला. जी जी गावं थंड ती ती बघायची. हे आठवं.

बाइंडरबाई : थंड हवं असेल तर इथे वैशाखातही संध्याकाळी शाल लागते. आणि चोरीमारी म्हणाल तर मी जन्मल्यापासून ऐकली नाही.

वडील : चोरांची भीती नाही मला, बाई. मी सकाळी आत येऊन फिरलो एकटाच. अकरा गल्ल्या आहेत. नऊ फिरून चौकात येतात. एक वेशीकडे जाते. आणि एक तटापाशी जाऊन संपते. म्हणजे माणूस कुठूनही चुकला तरी दहांतून नऊ वेळा चौकातच येणार.

बाइंडरबाई : अकरांतून नऊ.

वडील : हां, अकरांतून. आणि चौकात सात दुकानं. त्या सातही जणांना मी आधी जाऊन सांगणार, ही माझी बायको. दिसली तर बसवून ठेवा.

मुलगी : आईला हे आवडलं असतं? सात दुकानांत जाऊन तिची दवंडी पिटलेली?

वडील : ती म्हणाली असती, केसपेपर नीट भरा.

बाइंडरबाई : माझ्या नावाने हाक येतेय खाली. रजिस्टरं बांधायला दिली होती, ती न्यायला आले असतील. तुम्ही बघून घ्या निवांत. खिडकी उघडताना वरची कडी आधी काढा, ती अडते.

मुलगी : बाबा. आता आपण दोघंच आहोत म्हणून विचारते. तुम्हाला खरंच वाटतं हे जमेल?

वडील : जिन्याचा कठडा सैल आहे. चार बोल्ट बदलले की होईल.

मुलगी : कठड्याचं नाही विचारत मी. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे. इथे तुमचं कुणी नाही. मी गाडीने पाच तासांवर. आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर इतकी चांगली जागा आहे, चोवीस तास नर्स, सगळ्या खोल्यांना एसी. मी बघून आलेय दोनदा.

वडील : मीही बघून आलोय.

मुलगी : कधी?

वडील : तुला न सांगता. दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. मी तासभर बसलो समोर. एक म्हातारे गृहस्थ येऊन ते आकडे दाबत होते. कुठलेही. मग खुर्चीत बसायचे. मग परत यायचे. तासात अकरा वेळा.

मुलगी : पण ते सुरक्षित आहेत, बाबा.

वडील : आहेतच.

मुलगी : मग?

वडील : अडतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या, ठके. दार लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही, दारातल्या एका पट्टीवर सगळं असतं. दार लागण्यावर माझा जन्म गेला. मला आता ती जिथे राहील तिथलं दार लावायचं नाही. गावच असं बघायचं, की दार उघडं राहिलं तरी ती फिरून परत येईल.

मुलगी : हे सगळं तुम्ही त्या दिवसामुळे करताय. मी किती वेळा सांगू? तुमचा डोळा लागला. वीस मिनिटं. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाचा दुपारी डोळा लागणारच. एक मावशी सोडली तर कुणी काही बोललं का तुम्हाला? मामासुद्धा बोलला नाही.

वडील : नाही बोलला.

मुलगी : आणि जो बोलेल त्याच्याशी मी भांडेन. मावशीशी भांडलेच की. वर्षभर बोलले नाही तिच्याशी.

वडील : मावशीशी बोल तू. फोन कर तिला.

मुलगी : का?

वडील : माझा डोळा लागला नव्हता.

मुलगी : म्हणजे काय?

वडील : मी जागा होतो. पहाटे चारपासून तिचं चाललं होतं, घरी सोडा, मला घरी जायचंय. हेच घर आहे म्हटलं. अल्बम दाखवला. तुझा फोन लावला, तू मीटिंगमध्ये होतीस. दाराची कडी ओढून ओढून तिची नखं तुटली. चार ते बारा. आठ तास. रोजचंच होतं, पण त्या दिवशी...

मुलगी : बाबा, थांबा जरा.

वडील : नको थांबवू. मी उठलो, कुलूप काढलं. दार सताड उघडलं आणि म्हणालो, जा.

मुलगी : तुम्ही म्हणालात.

वडील : रागाने नाही म्हणालो. राग आला असता तर बरं. शांतपणे म्हणालो. जा बाई एकदाची.

मुलगी : मग ती काय म्हणाली?

वडील : ‘आभारी आहे’ म्हणाली. परक्या माणसाने लिफ्टचं दार धरलं की म्हणतात ना, तसं. केसांवरून हात फिरवला, पर्स घेतली नि निघाली. मी पावलं ऐकत होतो. मला वाटलं, दुसऱ्या मजल्यावर थांबेल. नेहमी थांबायची. मग मी जाऊन आणीन.

मुलगी : नाही थांबली.

वडील : नाही. आणि मी... मी चहा केला, ठके. कित्येक महिन्यांत गरम चहा संपेपर्यंत प्यायलो नव्हतो. तो प्यायलो. पूर्ण. घर शांत होतं. मग खाली उतरलो. तोवर ती कुठे दिसेना.

मुलगी : पोलिसांना तुम्ही झोप लागली म्हणून सांगितलंत.

वडील : त्यांनीच विचारलं, काका, डोळा लागला होता का? मी हो म्हणालो. मग तूही तेच म्हणायला लागलीस. सगळेच म्हणायला लागले. मग मला ते पुसताच येईना.

मुलगी : तिचे पाय मी धुतले आहेत, बाबा. ड्रेसिंगला मी धरून बसायचे तिला. ती ओरडायची, आणि तुम्ही व्हरांड्यात उभे असायचात. मला वाटायचं, यांना बघवत नाही.

वडील : बघवत नव्हतंच.

मुलगी : आता मला काही बोलू नका थोडा वेळ.

वडील : बरं.

मुलगी : ही खिडकी का उघडत नाहीये?

वडील : वरची कडी आधी.

मुलगी : निघाली.

बाइंडरबाई : येऊ का? जमीन फळ्यांची आहे, आधी सांगायला हवं होतं. वरचं सगळं खाली ऐकू येतं. मी मुद्दाम नाही ऐकलं.

मुलगी : ऐकलंत ते ऐकलंत. आम्ही निघतो. तुमचा फार वेळ घेतला.

बाइंडरबाई : दोन मिनिटं बसा. काकांनी सकाळी गल्ल्या मोजल्या ना, त्यातली ती तटापाशी संपणारी. दोन वर्षांमागे ऐन थंडीत आमचे घड्याळजी रात्री उठून बाहेर पडले. त्यांचंही तुमच्या बाईंसारखंच झालं होतं. त्यांना इथे सगळे ओळखायचे. लहानपणापासून इथेच, सातही दुकानांत उठबस. पण सगळे झोपले होते. सकाळी ते तटाच्या कोपऱ्यात सापडले. अंगात नुसता सदरा. तुमच्याकडे उन्हाने जे केलं, ते आमच्याकडे थंडी करते.

वडील : वाचले नाहीत?

बाइंडरबाई : नाही.

मुलगी : हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. खोली गेली असती तुमची.

बाइंडरबाई : आठ महिने रिकामी आहे, आणखी राहील. पण हे तटापाशी जाऊन उभे राहतील नि माझं गाव सुरक्षित म्हणतील, ते मला पटेना.

वडील : मग मी तिला नेऊ कुठे? तुम्हीच सांगा, बाई. आठ गावं झाली. एकीकडे रेल्वेचे रूळ, एकीकडे तळं, एकीकडे हमरस्ता. इथे पहिल्यांदा वाटलं की जमेल.

बाइंडरबाई : तसं गाव मला माहीत नाही. मला माझ्या घराचं माहीत आहे. माझं टेबल खाली दाराशेजारी आहे, सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत मी तिथेच असते. जिन्यावरून उतरणारं माणूस माझ्यासमोरून जातं. मी राखण करणार नाही, ते मला जमायचं नाही, आधीच सांगते. पण काम करताना समोर दिसतं ते दिसतं. दिवसा दार उघडं ठेवा. रात्री कुलूप लावा आणि किल्ली गळ्यात घाला.

वडील : कुलूप लावायचं नाही असं मी ठरवलं होतं.

बाइंडरबाई : ते तुम्ही तुमच्यासाठी ठरवलंत, काका.

मुलगी : त्या बरोबर बोलतायत.

वडील : त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखी कडी ओढून ओढून खुर्चीत जाऊन बसेल ती.

मुलगी : बसेल. तुम्ही शेजारी बसा. तिथे त्या गृहस्थांच्या शेजारी कुणी होतं का?

वडील : नाही.

मुलगी : मग. बाई, तिला दुपारी घड्या घालत बसायला आवडतं. टॉवेल, वर्तमानपत्रं, काहीही. काठाला काठ लावते. वॉर्डातल्या चादरींची सवय.

बाइंडरबाई : घड्या घालायलाच बसलेली असते मी दिवसभर. रद्दी कागद देईन त्यांना. चुकलं तरी बिघडत नाही.

वडील : ठके, तू हे घर घे म्हणतेस?

मुलगी : म्हणते. पण माझा राग गेला असं समजू नका. तो आहे. बरेच दिवस राहील. गाडीत परत जाताना मी बोलणार नाही तुमच्याशी, कदाचित घरी गेल्यावरही नाही.

वडील : नको बोलू. मावशीला मात्र फोन कर.

मुलगी : तिला तुम्ही करायचा. आणि सगळं सांगायचं. चहासकट.

वडील : सांगेन.

मुलगी : रविवारी मी येत जाईन.

वडील : दर रविवारी म्हणू नको. पाच तास जायला, पाच यायला. येशील तेव्हा ये.

मुलगी : बरं, नाही म्हणत. कठड्याचं काम करून घ्या आधी. तिला धरून चढावं लागतं.

बाइंडरबाई : चढतायत बघा त्या. तुमचे यजमान हात धरून आणतायत. हळू, शेवटची पायरी उंच आहे.

मुलगी : आई, ये. दमलीस? इथे भिंतीला टेक जरा. बघ, खिडकीतून सगळा चौक दिसतो. कशी आहे खोली?

आई : एकच कॉट बसेल. हवा चांगली आहे. हे कोण उभे आहेत कोपऱ्यात?

मुलगी : ओळख बरं.

आई : अहो, तुम्ही. पेशंटचे कोण तुम्ही?

वडील : नवरा.

आई : किती दिवस झाले?

वडील : तीन वर्षं झाली, सिस्टर.

आई : जेवलात का आज?

वडील : नाही अजून.

आई : मग आधी जेवून या. पेशंट कुठे जात नाही.