पांढऱ्या रविवारची लेस

नाही, तुम्हीच सांगा, चर्चच्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यांतलं अख्खं खानदान उभं करायचं, माथ्यावर आपल्या सामोआचं ऊन, आणि मग घरजावयाला म्हणायचं, ‘काँप्युटरवर फोटो नीट कर’... हा काय न्याय झाला? पांढऱ्या रविवारी, म्हणजे आमच्या चर्चच्या पोरांच्या सणाला, सगळ्यांनी पांढरंच घालावं हा रिवाज आज्या-पणज्यांपासूनचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भिंतीला नेमका याच आठवड्यात चुना फासायची काय घाई होती?

सासूबाई, म्हणजे मालाएआबाई, तीन महिने मशीनवर वाकून घरातल्या प्रत्येक झग्याला स्वतः विणलेली लेस लावत होत्या. का? तर त्यांच्या ऑकलंडच्या थोरल्या बहिणीनं, फुआतिनो मावशींनी, गेल्या वर्षी चारचौघांत फोनवर विचारलं होतं, ‘मालाएआ, तू शिवतेस की पोती टाचतेस गं?’ तेव्हापासून बाईंच्या घशाखाली घास नीट उतरलेला नाही! लेस मावशींना दिसलीच पाहिजे.

फोटो उघडला, तर चेहरे काळोखे. ‘जावईबापू, किंचितच उजळ!’ सासूबाईंनी सुस्कारा सोडला. ब्राइटनेसची पट्टी सरकवली... चेहरे हसू लागले, पण कपडे? भिंतीत विरघळले! नुसती मुंडकी हवेत तरंगताहेत, दातांसकट! ‘अरे देवा, माझी लेस!’ उतरवला ब्राइटनेस. लेसचं फूल न् फूल उमललं, चेहऱ्यांच्या मात्र करवंट्या. सासरे खेकसले, ‘यात माझी बायको कुठली?’ म्हटलं, ‘बाबा, लेस बघून ओळखा ना!’ तर म्हणाले, मेजवानीचं डुक्कर भाजायच्या भट्टीचे तापलेले दगड हलवायला पाठवीन! कॉन्ट्रास्ट वाढवला, तर गावचे मुखिया असलेले चुलतसासरे तौफाओ पाठीमागून गरजले, ‘माझ्या कपाळावर एवढ्या आठ्या कुणी पेरल्या? मी काय म्हातारं कासव आहे?’ कमी केला, तर सगळं सांडलेल्या नारळाच्या दुधासारखं! आणि दर वेळी कानाशी तोच सुस्कारा... ‘किंचितच उजळ, जावईबापू!’

शेवटी, तुम्हाला सांगतो, एकेक चेहरा निवडून तेवढाच उजळला, झग्यांना हात म्हणून लावला नाही. तोवर पोरांची पहिली पंगत उठली, मोठ्यांची उठली, भट्टीतलं डुक्कर संपलं, माझ्या वाट्याला शेपूट आलं. पण फोटो असा झाला, असा झाला, की सासूबाईंनी पडद्यावरून बोट फिरवत लेस नुसती कुरवाळली... डोळे पुसले, आणि दिला पाठवून ऑकलंडला.

लगेच फोन. ‘मालाएआ! अगं, हे काय पाठवलंस? सगळा अंधारच!’

मला तत्काळ उमगलं! बॅटरी वाचवायची म्हणून मावशी आपल्या फोनचा उजेड कायम तळाला ठेवतात, साऱ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. मी ओरडणार, ‘मावशी, फोनचा ब्राइटनेस वाढवा!’ तोच सासूबाईंनी माझं तोंड दाबलं. ‘चूक तुझ्या फोनची’ हे थोरल्या बहिणीला सांगायचं? आपल्यात सांगतं का कुणी? छे! बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, ‘चुकलंच हो ताई, जावई जरा नवखाच आहे...’ आणि वळल्या माझ्याकडे. ‘किंचितच...’

ओढली खुर्ची! थोरल्या बहिणीचा फोन उजळण्यापेक्षा अख्खं सामोआ उजळणं सोपं!