‘नंतर’चं बटण

नाही नाही, त्या खुर्चीवर नको मॅडम, तिचा एक पाय लंगडा आहे—ही घ्या, माझी घ्या, मी काय, एकोणतीस वर्षं बसूनच आहे, थोडा वेळ उभी राहिले तर बिघडत नाही. पाणी? बरं. हां, तर तुम्ही विचारलंत, मशीन किती जुनं. अहो मशीन नवं आहे, मशीन दोनदा बदललं—त्याच्या आत जे चालतं ना, ते सॉफ्टवेअर, ते जुनं. मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा ते आलं. फीत कापली, तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, आता गुन्हेगार शिंकला तरी आपल्याला कळेल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

काम सांगते, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरसाठी तुमच्या खात्याकडे पैसे कशाला मागताहेत ते कळेल. सगळ्या ठाण्यांच्या तक्रारी, लोकांचे फोन—अमकी गाडी संशयास्पद, तमका माणूस तीन दिवस दारात उभा—सगळं या खोलीत येतं आणि आम्ही चौघीजणी टाईप करतो. गाडीचा नंबर, फोनचा नंबर, पत्ता. आणि मशीनने सांगायचं, की बाई गं, हा नंबर आधीही कुठेतरी आला होता. याला म्हणायचं गुप्तवार्ता कक्ष. नाव मोठं, लक्षण खोटं—अहो हसा, हसायला हरकत नाही, आम्हीही हसायचो.

आता ही चौकट बघा—नाही, आत्ता नाही आलेली, येईल, दिवसात दोनशेदा येते—पिवळी चौकट येते. ‘जुळणारी नोंद सापडली. उघडा, किंवा नंतर.’ बस्स. उघडायला गेलात की मशीन अकरा मिनिटं बसतं. मी घड्याळ लावून मोजलंय, अकरा. आणि हातातली नोंद पुसली जाते, ती पहिल्यापासून करायची. एवढं करून काय निघतं? गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे जुळले एवढंच. लांडगा आला रे आला. मग माणूस काय करणार? वरच्या रांगेतलं हे आठ नंबरचं बटण, ते म्हणजे ‘नंतर’. याच्यावरचा आकडा दिसतोय का तुम्हाला? नाही ना. झिजला. माझ्या बोटाने झिजला. शिकवायला सुद्धा मीच—नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी मीच सांगायचे, चौकट आली की वाचत बसू नकोस गं, आठ दाब आणि पुढे चल. मला सगळे नंतरबाई म्हणायचे. लाडाने हं! सगळ्यात जास्त नोंदी माझ्या, चार वर्षं सलग. भिंतीवर तो खिळा दिसतोय? तिथे माझं प्रशस्तिपत्र होतं.

काढलं. मीच काढलं.

प्रस्ताव म्हणाल तर बारा वर्षांत पाच गेले तुमच्याकडे. तुमच्याकडे म्हणजे तुम्ही नाही, तुम्ही तेव्हा शाळेत असाल—तुमच्या खात्याकडे. पाचही वेळा परत. एकदा म्हणे चालतंय ना, मग चालू द्या. एकदा सॉफ्टवेअरऐवजी रंगकाम मंजूर झालं, आणि व्हरांड्यात त्या कुंड्या आल्या. मग सहावा प्रस्ताव गेला आणि लगेच तुम्ही बघायला आलात. का आलात? तिसऱ्या पानामुळे. हो ना? तिसऱ्या पानावर माझी बहीण आहे.

तुम्हाला माहीत नव्हतं? आमच्या साहेबांनी प्रस्तावात नाव घातलेलं नाही, बरोबर, ‘एका विवाहित महिलेचा मृत्यू’ एवढंच आहे. ती आमची धाकटी. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान—आई गेली तेव्हा सहा वर्षांची होती, वेणी मी घालायचे, शाळेत सोडायला मी, लग्नही मीच लावून दिलं. माणूस बरा दिसला हो मला. सगळ्यांना बरा दिसला. पाच वर्षं मार खाल्ला तिने आणि मला सांगायची, ताई, मोरीत पाय घसरला. मी पोलिसात नोकरी करते आणि माझ्याच बहिणीचा पाय आठवड्याला घसरतो, आणि मला कळत नाही. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

शेवटी बाहेर पडली. तक्रार केली, ती या खोलीत आली, मी या हातांनी टाईप केली—नवऱ्याचं नाव, पत्ता, आणि त्याच्या भावाची गाडी तो वापरायचा, त्या करड्या गाडीचा नंबर. नंबर तिने पाठ करून ठेवला होता. मला म्हणाली, ताई, तुझ्या मशीनमध्ये गेलं ना सगळं? आता मी निर्धास्त. मग दुसऱ्या भागात खोली घेतली, एका दंतवैद्याच्या दवाखान्यात कामाला लागली, लोकांना नंबर देऊन बसवायचं काम. हसायला लागली होती. केस कापले होते. मी ओरडले, एवढे लांब केस, मी वाढवलेले, आणि—जाऊ दे. छान दिसत होते. तेव्हा म्हणाले नाही.

आता वर्ष होईल त्या गोष्टीला. बुधवारी सकाळी कुणा दुकानदाराचा फोन आला होता, पोस्टासमोर करडी गाडी तीन दिवस उभी आहे, आत माणूस बसून असतो. फोन घेणाऱ्याने चिठ्ठी आणून दिली, त्या दिवशी अशा साठेक चिठ्ठ्या असतील. नंबर टाकला गेला. पोस्टाच्या मागच्या गल्लीत तिचा दवाखाना. शुक्रवारी संध्याकाळी ती सुटली, आणि तो गाडीतून उतरला. पुढचं तुम्ही वाचलंय.

तर साहेबांनी तिसऱ्या पानावर लिहिलंय—‘जुना नंबर नोंदीत असूनही प्रणालीने कोणतीही सूचना दिली नाही.’ यावरच तुमच्याकडे सगळे हलले. चौकशी समितीतही हेच सांगितलं. साहेब वाईट नाहीत हो, त्यांनी मला बोलावून विचारलं, बाई, चौकट आली होती का? मी म्हटलं, नाही साहेब. ते म्हणाले, झालं तर मग, दोष मशीनचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी भाऊ आहे माझा, तो सगळ्यांना सांगतो, आमची धाकटी त्या भंगार मशीनने मारली. माझ्यासमोर सांगतो. मी भाजी निवडत असते.

काय म्हणालात? जुन्या नोंदी नव्यात येणार का? येणार, सगळ्या येणार. नावं, नंबर, तक्रारी, सगळं. फक्त एक गोष्ट नाही येणार—कुणी कोणत्या वेळी कोणतं बटण दाबलं, त्याची यादी. ती या मशीनच्या पेटीतच राहते, आणि नवीन आलं की ही पेटी भंगारात. यादी कुणाला काढता येत नाही असं सगळ्यांना वाटतं. मला येते. एकोणतीस वर्षं इथे काढली आहेत. मी काढली होती. तेरावा सोडा, तिसरा दिवससुद्धा झाला नव्हता, मी इथे आले आणि काढली.

बुधवार, अकरा वाजून सात मिनिटं. चौकट आली. अकरा वाजून सात मिनिटं, आठ नंबर.

त्याच मिनिटाला, मॅडम. मी वाचलंच नाही. सगळेच्या सगळे आकडे जुळत होते, खाली तिचं नाव होतं, मीच टाईप केलेलं, आणि मी म्हटलं, नंतर.

नका, हात नका धरू, मला रडायचं नाहीये—मी काय सांगतेय ते ऐका. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. गप्प बसले तर तुम्ही सही कराल, नवीन येईल, पेटी भंगारात जाईल आणि मी निवृत्त होईन. पण मग नवीन मशीनही तुम्ही असंच घ्याल, नुसतं जास्त ओरडणारं. सूचना दिली नाही म्हणून पैसे देताय ना? देऊ नका त्यासाठी. याने सूचना दिली होती. दिवसाला दोनशे देतं. मला दोन देणारं हवंय. उघडलं की लगेच उघडणारं. आणि ‘नंतर’ म्हटलं तर नंतर पुन्हा विचारणारं—हे कधीच विचारत नाही हो, एकदा नंतर म्हटलं की संपलं. तुमच्या वहीत हे लिहा. तिसरं पान खोडा आणि हे लिहा. बैल गेला आणि झोपा केला, ते माझ्या घरचं झालं, पण दुसऱ्यांचे बैल आहेत ना अजून गोठ्यात. ही घ्या यादी. वर्षभर पर्समध्ये आहे, घडीवर जरा फाटलीये.

साहेबांना मी सांगते. भावालाही—भावाला कसं सांगू ते मला माहीत नाही.

थांबा, ही हातातली चिठ्ठी टाकते—अगं बाई, बघा. आली. पिवळी. कुणाची तरी पांढरी गाडी, बहुतेक शेवटचे दोन आकडेच असणार. हल्ली मी एकही सोडत नाही. दिवसात तीस-पस्तीसच उघडून होतात, संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्यांचा ढीग पडतो, बाकीच्या तिघी मनातून शिव्या देतात. देऊ देत.

हे बघा, ‘उघडा’ दाबलं. आता अकरा मिनिटं. तुम्ही निघा मॅडम, जिना उतरताना सांभाळून, दिवा गेलाय. माझ्याशी बोलू नका आता. मला वाचायचंय.